नाजूक यंत्र

पडद्यावर विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा होता आणि त्यात नव्या वसतिगृहाचं बांधकाम निळंशार दिसत होतं. निळं म्हणजे थंड. ग्रंथालयाच्या पायऱ्या तांबड्या, पार्किंग तांबडं, कॅन्टीनसमोरचा चौक केशरी. आणि जिथे नावाला एक झाड नाही, जिथे लोखंडाच्या सळया दिवसभर उन्हात तापत पडलेल्या असतात, ती जागा म्हणे सगळ्या आवारात थंड. चारुता खुर्चीत पुढे सरकून बघत राहिली. आकडे तिनं गोळा केले होते, नकाशा मात्र विभागप्रमुख विश्वजीत सरांनी परस्पर काढून घेतला होता आणि सादरही तेच करत होते. कंत्राटी प्राध्यापिकेनं दळायचं आणि कायम झालेल्यानं पीठ न्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे.

"वा," कुलसचिव अविनाश सर म्हणाले. "म्हणजे मजुरांची आपण उगाचच काळजी करत होतो."

"तसं नाही सर," चारुता म्हणाली. "काहीतरी चुकलंय. तिथे एवढं थंड असणं शक्य नाही."

"मोजायचं आहे, मोजायचं आहे, असा धोशा तुम्हीच लावला होतात ना मॅडम? आता मोजलंय."

टेबलाभोवतीची मंडळी हसली. त्या खोलीतला एसी इतका वाढवलेला होता की लेखाविभागाच्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. मे महिन्यात, पनवेलमध्ये, शाल.

मोजायचा धोशा चारुतानं लावला होता हे खरं, पण मोजा असं मुळात सांगितलं होतं ते कुलसचिवांनीच. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ती बांधकामाजवळून जात असताना गोमा नावाचा मजूर तिच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. डोंगराकडच्या वाडीवरून येणारा, पस्तिशीचा, काटक माणूस. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. त्याची बायको मंगळी डोक्यावरचं घमेलं टाकून धावत आली आणि दोघींनी मिळून त्याला ओढत सावलीत नेलं. मुकादम जीवन तेवढ्यात येऊन म्हणाला, "पिऊन पडला असंल." चारुतानं गोमाचं तोंड हुंगलं होतं. दारूचा वासही नव्हता. पण ठेकेदाराकडे निरोप गेला तो पिऊन पडल्याचाच. गोमा आठवडाभर वाडीवर पडून राहिला आणि डोकं ठणकत असतानाच परत कामावर आला. न येऊन सांगतो कुणाला?

चारुता त्याच दिवशी कुलसचिवांकडे गेली होती. बारा ते चार काम बंद ठेवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. कुलसचिव शांतपणे म्हणाले होते, "भावनेवर नको बोलूया. तुमच्या विभागाकडे ती उष्णता मोजायची यंत्रं आलीत ना? मोजा. ती जागा तांबडी आली, तर ठेकेदाराला मी स्वतः सांगतो." आणि म्हणून तिनं विद्यार्थ्यांसाठी आलेल्या यंत्रांतली काही यंत्रं बांधकामावर दिली. काडेपेटीएवढं पांढरं यंत्र, चिमट्यानं गळ्याशी अडकवायचं. माणूस जाईल तिथलं तापमान आणि हवेतला दमटपणा ते मिनिटामिनिटाला टिपून घेतं. त्यात खोटं बोलायची सोय नाही, अशी चारुताची समजूत होती.

"पुढचा मुद्दा," कुलसचिव म्हणाले. "पावसाआधी स्लॅब पडला पाहिजे, असं ठेकेदाराचं पत्र आहे. जेवणाची सुट्टी एक तासाची आहे, ती अर्ध्या तासावर आणू द्या म्हणतात. हा नकाशा बघता हरकत घ्यायचं काही कारण दिसत नाही. आणि हो, 'शीतल परिसर' प्रमाणपत्राची समिती पुढच्या आठवड्यात येतेय. हा नकाशा त्यांना दाखवायचा."

चारुता उठली. परवानगी वगैरे न मागता दार उघडून बाहेर पडली. काळजीपोटी केलेल्या मोजमापानं त्या माणसांची उरलेली अर्धी सावली काढून घेतली होती आणि ते मोजमाप तिच्या नावावर होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि बाहेरच्या उन्हाची तीत भर पडली.

पनवेलचं ऊन नागपूरच्या उन्हासारखं कोरडं नसतं. खाडीवरून येणारी वाफ त्यात मिसळते, घाम येतो तो वाळत नाही आणि माणूस आतल्या आत शिजतो. बांधकामाशी पोचेपर्यंत चारुताचा कुर्ता पाठीला चिकटला होता. वर स्लॅबच्या सळया बांधायचं काम चालू होतं. गोमा उकिडवा बसून तारा पिळत होता. मंगळी खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होती. मनिषा, तिची पुतणी, मागे होती. आणि एकाच्याही गळ्यात यंत्र नव्हतं.

"मंगळीताई," चारुतानं खालूनच हाक मारली. "यंत्र कुठंय?"

"हाय की. जपून ठेवलंय."

"जपून म्हणजे कुठे?"

मंगळी घमेलं रिकामं करून खाली आली आणि पुढे चालू लागली. तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, सगळ्या बांधकामावरची एकुलती एक गार जागा होती. ओल्या वाळूवर पाण्याचा माठ ठेवला होता. माठामागे भिजवलेलं गोणपाट घडी घालून ठेवलेलं. मंगळीनं ती घडी उलगडली. आत सगळी यंत्रं होती. एकेक यंत्र लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, तान्ह्या पोराला निजवावं तसं निजवलेलं.

"रोज इथे ठेवता?" चारुताचा आवाज चिरकला.

"रोज. सकाळी तू बांधतेस. तू गेलीस का आमी काढून इथं ठेवतो, आनि सांजच्याला तू यायच्या आधी परत घालतो."

"अहो पण का?"

"तूच बोललीस ना, जपा म्हनून." मंगळीला प्रश्नच कळेना. "नाजूक हाय बोललीस. उन्हात धरलं तर हाताला चटका देतंय ते. फुटलं बिटलं मंजे?"

चारुताला आठवलं. पहिल्या दिवशी यंत्रं वाटताना ती हसत हसत म्हणाली होती, "जपा हं, नाजूक आहे. बिघडलं तर माझी नोकरी जाईल." शहरात असं बोलायची पद्धत आहे. ऐकणारा हसतो आणि विसरतो. इथे कुणी हसलं नव्हतं आणि कुणी विसरलंही नव्हतं.

"तुम्हाला काही अक्कल आहे की नाही?" ती ओरडली. तिचं तिलाच ऐकू आलं आणि तरी ती थांबली नाही. "हे गळ्यात घालायला दिलं होतं. तुम्ही उन्हात, आणि यंत्र माठापाशी. त्यांनी काय काढलंय माहितीये? म्हणतात, इथे महाबळेश्वर आहे. तुमची जेवणाची सुट्टी अर्धी केली त्यांनी, माझ्या यंत्राचं नाव घेऊन."

 वरून गोमा उतरून आला होता. त्यानं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

"तिला नको बोलू, बाय," तो म्हणाला. "मीच बोललो सगल्यांना, जपा म्हनून. आमच्यासाठी वर जाऊन बोलनारी तू येकटीच हायस. तुजी नोकरी गेली तर आमी कोनाच्या तोंडाकडं बगायचं? आमचं डोकं काय, तापतं आनि निवतं."

 चारुता माठापाशी मटकन बसली. ओल्या वाळूचा गारवा तिच्या पायांना लागला, आणि त्या गारव्याचाच तिला राग आला. या माणसांचा तिला आता राग येत नव्हता. राग येत होता स्वतःच्या जिभेचा. जिच्या जिवावर दोन वेळचं जेवण चालतं त्या नोकरीचा विनोद तिनं कुणासमोर केला होता?

"ऐका," ती म्हणाली. "याला जपायचं नाही. तुम्हाला जेवढं ऊन लागतं तेवढं सगळं त्याला लागलं पाहिजे. गळ्यातून काढायचंच नाही."

"तापलं तरी?"

"तापायलाच आणलंय ते."

"मंग आधी तसं सांगायचं," मंगळी म्हणाली, आणि यंत्राची चिंधी सोडून तिनं ते गळ्याशी अडकवलं. क्षणभरानं तिनं विचारलं, "याला किती दिवस उन्हात ठेवलं मंजे तुज्या सायबाला पटंल?"

विश्वजीत सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते आधी पोटभर हसले. मग त्यांचा चेहरा बदलला, कारण नकाशावर सादरकर्ता म्हणून त्यांचं नाव होतं.

"चारुता, मजुरांकडून शास्त्र करून घ्यायला गेलात की हे असं होणार," ते म्हणाले. "बोंबलू नका कुठे. समिती येऊन जाईपर्यंत नकाशा बदलायचा नाही. आणि यापुढे हा माठाचा तमाशा नको. मी लेखी आदेशच काढतो."

आणि काढलाही. आदेश काढायला त्यांना नेहमीच हुरूप येतो. यंत्र एकदा सकाळी ज्याच्या अंगावर बांधलं ते संध्याकाळपर्यंत कोणत्याही कारणानं अंगावरून काढू नये, काढल्यास ठेकेदाराला जबाबदार धरण्यात येईल, असा तो कागद. खाली त्यांची सही आणि कुलसचिवांचा शिक्का. एक प्रत मुकादमाला, एक चारुताला. देताना ते म्हणाले, "समजेल अशा भाषेत वाचून दाखवा त्यांना."

पुढचे काही दिवस यंत्रं गळ्यात राहिली. स्लॅबवर, सळयांच्या जाळीवर, सिमेंट कालवताना, फळीवरून चढताना. चारुता रोज संध्याकाळी आकडे उतरवून घ्यायची. संगणकातल्या नकाशाला तांबड्याच्या पुढचा रंगच माहीत नव्हता, त्यामुळे ती जागा काळपट दिसू लागली. दुपारी एकच्या सुमाराला गोमाच्या गळ्यातलं यंत्र सत्तेचाळीस अंश दाखवत होतं. त्यात खाडीचा दमटपणा धरला तर अंगाला काय लागत असेल, ते पुस्तकातल्या तक्त्यात शोधायला गेलं तर तक्ता आधीच संपत होता. एकदा गोमाला ओकाऱ्या झाल्या. तो पाणी पिऊन पुन्हा वर चढला, कारण अर्ध्या तासाची सुट्टी संपली होती.

ते आकडे घेऊन चारुता कुलसचिवांच्या खोलीत गेली. विश्वजीत सर तिच्या मागोमाग आलेच, आपल्यापाठी काय बोलणं होतंय या धास्तीनं. कुलसचिवांनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"सत्तेचाळीस?"

"हो सर. रोज. आणि गोमा पुन्हा आजारी पडायला लागलाय. दुसऱ्यांदा कोसळला तर तो उठेलच असं नाही."

कुलसचिव खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चारुताला वाटलं की हा माणूस हादरलाय. तिच्या मनात आशा आली, वेडी म्हणा हवं तर.

"विश्वजीत," ते वळून म्हणाले, "ही यंत्रं किती अंशांपर्यंत चालतात?"

"पंचेचाळीस, सर. पुस्तिकेत दिलंय."

"मग? सत्तेचाळीसमध्ये तुम्ही ती वापरताय? अनुदानातून आलेली वस्तू आहे. परदेशातून मागवलेली. बिघडली तर लेखापरीक्षणात मी काय उत्तर देऊ?" त्यांचा आवाज खरोखर कळवळ्यानं भरला होता. "एवढ्या उन्हात ठेवतं का कुणी?"

"सर, मी यंत्रांबद्दल बोलत नाहीये."

"पण मला बोलावंच लागेल ना मॅडम. मजुरांचं ठेकेदार बघेल, तो त्याचा विषय आहे. यंत्रं माझ्या ताब्यात आहेत."

संध्याकाळी आदेश आला. शिपायानं आणून दिलेला कागद चारुतानं उभ्या उभ्याच वाचला. "उष्णतामापक उपकरणांची सुरक्षितता लक्षात घेता सदर उपकरणे दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात नेण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. या वेळेत ती सावलीत, हवेशीर जागी राहतील याची दक्षता ठेकेदाराने घ्यावी." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बारा ते चार. ती महिनाभर ज्या चार तासांसाठी ओरडत होती तेच चार तास, शब्दाला शब्द, आणि खाली सही सुद्धा ठसठशीत.

ती बांधकामावर गेली. माणसं सुटून हातपाय धूत होती.

"काय झालं गो?" मंगळीनं विचारलं. "सुट्टी भेटली?"

"भेटली," चारुता म्हणाली. "यंत्राला."

तिनं कागद वाचून दाखवला, जसाच्या तसा, आणि मग साध्या भाषेत. मंगळीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "कोनाला तरी भेटली."

मनिषा हसली. गोमा हसला नाही. तो वाळूवर बसून होता आणि त्याचे डोळे लाल होते. मंगळीनं चार शिव्या घातल्या असत्या तर चारुताला बरं वाटलं असतं. ही असली समजूतदार माणसं बघून तिला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा कुणाची तरी गचांडी धरावी असं वाटत होतं.

रोडपालीला घरी जाताना कळंबोलीच्या सिग्नलला तिची स्कूटर ट्रकांच्या मधे अडकली. पुढून धूर, खालून डांबराची वाफ. ती हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होती. सदर उपकरणे उन्हात नेऊ नयेत. सदर उपकरणे सावलीत ठेवावीत. सदर उपकरणे कोणत्याही कारणाने अंगावरून काढू नयेत. तिसरं वाक्य आधीच्या कागदातलं होतं, रागाच्या भरात ते मधे घुसलं होतं. ती थांबली. पुन्हा तीनही वाक्यं म्हटली. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवून वाजवून तिच्या खानदानाचा उद्धार केला, तरी स्कूटर जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विद्यार्थ्यांकडची यंत्रंही मागवून घेतली. ऋचा नावाची तिची विद्यार्थिनी पेटी भरून घेऊन आली. "मॅडम, आमची मोजणी?" तिनं विचारलं. चारुता म्हणाली, "तुम्ही एसीतून एसीत जाता. तुमचं काय मोजायचं राहिलंय?" आणि मग दोघींनी मिळून बांधकामावरच्या प्रत्येकाच्या गळ्यात यंत्र अडकवलं. सळया बांधणाऱ्यांच्या, सिमेंट कालवणाऱ्यांच्या, खडी वाहणाऱ्या बायांच्या. चारुताच्या स्वतःच्या गळ्यातलं शेवटचं यंत्र मनिषाला गेलं.

बारा वाजले तशी चारुता जिन्यापाशी उभी राहून म्हणाली, "चला. सगळ्यांनी खाली या आणि सावलीत बसा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मंगळी पहिली उतरली. तिच्या मागून एकेक जण. जीवन मुकादम धावत आला.

"ओ म्याडम, काय लावलंय? स्लॅब कोन तुमचे सर येऊन भरनार का?"

चारुतानं दोन्ही कागद त्याच्यासमोर धरले. "हा पहिला. यंत्र अंगावरून काढायचं नाही. हा दुसरा. यंत्र बारा ते चार उन्हात न्यायचं नाही. दोन्हीवर शिक्का आहे. दोन्हीत जबाबदारी तुमच्या शेठची आहे. आता यंत्र अंगावर आहे आणि ते सावलीत बसणार. त्याच्याबरोबर माणूस बसला तर मी काय करू?"

जीवननं कागद दोनदा वाचले, तोंडानं शब्द जुळवत. मग त्यानं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदारानं कार्यालयाला लावला. थोड्याच वेळात चारुताचा फोन वाजला.

"चारुता, हा काय पोरखेळ आहे?" विश्वजीत सर होते. "उठवा त्यांना."

"उठवते सर. फक्त लेखी द्या."

"कसलं लेखी?"

"यंत्र काढून सावलीत ठेवावं आणि माणसाला उन्हात पाठवावं, असं. एवढं एक वाक्य लिहा आणि खाली सही करा. कुलसचिवांचा शिक्का घ्या. परवा समिती येतेय, त्यांनाही मी एक प्रत देईन."

"तुम्हाला तुमचं कंत्राट पुढे चालू ठेवायचंय ना?"

"चालू ठेवायचंय सर," ती म्हणाली.  "पण सही तुमची पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. हेही मी दाखवीन. मोठ्यानं."

 फोनमध्ये मागे कुलसचिवांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग फोन कट झाला. चारुता वाट बघत राहिली. शिपाई आला नाही. कागद आला नाही. असलं वाक्य मनात रोज म्हणणारी माणसं ते लिहायला मात्र बिचकतात. तेवढी लाज त्यांच्यात शिल्लक असते, आणि ती लाजही समिती येणार असली तरच.

खाली तळमजल्यावर सगळे पसरले होते. कुणी भाकरी सोडली होती, कुणी पाणी प्यायलं होतं, आणि बघता बघता बहुतेकांना झोप लागली होती. किती दिवसांची राहिलेली झोप असेल कोण जाणे.

जीवन मुकादम तेवढा उन्हात उभा होता. टॉवेल डोक्यावर, हातात फोन. समोरच्या खांबावर ठेकेदाराचा कॅमेरा होता आणि तो त्या कॅमेऱ्याच्या बरोबर पुढ्यात उभा होता. थोड्या वेळानं तो दोन पावलं आत आला. मग परत बाहेर गेला. शेवटी सावलीच्या कडेशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "म्याडम, येखादं यंत्र उरलंय का?"

चारुतानं त्याच्याकडे बघितलं. पिऊन पडला म्हणणारा हाच. त्याच्यासाठी तिनं महिनाभर शब्द धार लावून ठेवले होते.

"कशाला पाहिजे?"

"शेट कॅमेऱ्यात बगतोय. बसलो तर इचारंल, तुज्या गळ्यात यंत्र नाय, तू का बसलास."

चारुतानं पेटी उघडून त्याला दाखवली. पेटी रिकामी होती. तो मान हलवून परत वळला. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते.

"ये रे, बस," मंगळी आडवी पडल्या पडल्याच म्हणाली. "शेट इचारला तर सांग, यंत्रं राखाया बसलो होतो."

जीवननं एकदा कॅमेऱ्याकडे आणि एकदा मंगळीकडे बघितलं. मग तो आत आला आणि माठापाशी, राखणीला बसलेल्या माणसासारखा ताठ बसला. लगेचच त्याची मान खाली पडली आणि तो घोरायला लागला.

चारुता उभी होती. तिला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. उद्या ते एखादा तिसरा कागद काढतील, परवा समिती येऊन जाईल, महिनाअखेरीला कदाचित तिला निरोप मिळेल. पण तिला संताप येत होता तो त्याचा नव्हता. सावलीत बसायला नुसतं माणूस असणं पुरत नाही. त्याच्या गळ्यात कुणाची तरी मौल्यवान वस्तू लटकवावी लागते. नाही मिळाली तर तिची राखण करतोय असं खोटं सांगावं लागतं. आणि हे सगळं तिनंच जुळवून आणलं होतं, याच माणसांच्या भल्यासाठी. तिला ते असह्य झालं. हातातली रिकामी पेटी तिनं खाडकन जमिनीवर आपटली.

आवाज सगळ्या तळमजल्यावर घुमला. कुणी जागं झालं नाही. गोमा तेवढा दचकला, आणि डोळे न उघडताच त्यानं छातीवरचं यंत्र दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकून घेतलं.